काट्यापासून ताटापर्यंत

दोन अंडी आणि पाच पाव. २०१७ च्या जून महिन्यात मुंबईच्या भायखळा महिला कारागृहातल्या वाटपाच्या हिशेबात एवढी तूट आली. बराकीची वॉर्डन म्हणून काम पाहणारी मंजुळा शेट्ये ही शिक्षाबंदी महिला आणि तुरुंगातल्या कर्मचारी यांच्यात त्यावरून वाद झाला. तिला बेदम मारहाण झाली आणि २३ जूनला तिचा मृत्यू झाला, असा आरोप आहे. एक तुरुंगाधिकारी आणि पाच महिला कर्मचारी यांच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी भायखळ्यातल्या बंदी महिला गच्चीवर चढल्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना कळलं, की या भिंतीआड काहीतरी भयंकर घडलं आहे.

महिना उलटतो न उलटतो तोच त्याच तुरुंगातल्या ऐंशीहून अधिक महिलांना उलट्या, मळमळ आणि जुलाबाच्या तक्रारींमुळे जे. जे. रुग्णालयात हलवावं लागलं. पहिला संशय अर्थातच जेवणावर गेला.

या दोन बातम्या वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या. एक गुन्हेगारीची ठरली, दुसरी आरोग्याची. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता. तुरुंगाच्या गोदामात जे धान्य, भाज्या, अंडी आणि तेल उतरतं, त्यातलं किती आणि कोणत्या अवस्थेत बंदिवानाच्या ताटात पडतं? आणि मधल्या वाटेवर कोणाची नजर असते?

तुरुंगातल्या जेवणाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुधा ‘मेन्यू’बद्दल बोलतो. कैद्यांना चिकन का द्यायचं, त्यांना आइस्क्रीम कशाला, इथपासून वरण पाण्यासारखं पातळ असतं इथपर्यंत. या लेखाचा विषय मेन्यू नाही. नियमावलीतला आहार आज बराचसा ठीक आहे. गळती होते ती वजनकाट्यापासून ताटापर्यंतच्या प्रवासात, आणि तिथे बाहेरचा एकही डोळा नाही.

चूल कोणाची, हा जुना प्रश्न

आजचं तुरुंगातलं स्वयंपाकघर ही इंग्रजांची देणगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगाल इलाख्यातल्या कैद्याला रोजचे काही पैसे मिळत. त्यातून तो शिधा विकत घ्यायचा आणि आपली चूल आपण पेटवायचा. सरकारच्या दृष्टीनं हा गोंधळ होता. कैदी बाजारहाट करणार, मर्जीप्रमाणे शिजवणार, अर्धा दिवस त्यातच घालवणार, मग शिक्षा कसली? १८४० च्या दशकात सगळ्यांसाठी एकत्र स्वयंपाकाची पद्धत आणली गेली आणि बिहारमधल्या तुरुंगांत दंगे उसळले. कोणाच्या हातचं खायचं, हा तिथल्या कैद्यांसाठी जातीचा आणि धर्माचा प्रश्न होता. १८५५ मध्ये आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी द्यायचा हुकूम निघाला, तेव्हा कैद्यांच्या बाजूनं गावकरीही रस्त्यावर आले.

इंग्रजांनी त्यावर काढलेला तोडगा सोयीचा होता. जात मोडायची नाही, उलट ती नियमावलीत लिहून टाकायची. स्वयंपाक ‘योग्य’ जातीच्या कैद्यानं करावा आणि सफाई ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सोपवली गेली त्यांनीच करावी, अशा अर्थाचे नियम वेगवेगळ्या प्रांतांच्या तुरुंग-संहितांत शिरले. स्वातंत्र्यानंतरही ते तिथे राहिले. मुंबईतल्या पत्रकार सुकन्या शांता यांनी या नियमांचा माग काढून ते उजेडात आणले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठानं जातीवरून कामं वाटणारे हे नियम घटनाबाह्य ठरवले. म्हणजे तुरुंगाची चूल कायद्यानं सर्वांची व्हायला प्रजासत्ताकाची चौऱ्याहत्तर वर्षं जावी लागली.

इंग्रजांच्या काळात अन्न हे शिक्षेचं हत्यारही होतं. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या ४६ व्या कलमात शिक्षांची यादी आहे. तिच्यात बेड्या आहेत, एकांतवास आहे, फटके आहेत आणि ‘दंडात्मक आहार’ही आहे. कैद्याचं जेवण कापायचं, फक्त सलग ९६ तासांपेक्षा जास्त नाही, एवढी कायद्याची दया. डिसेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनं स्वीकारलेले ‘नेल्सन मंडेला नियम’ अन्नपाणी कमी करण्याची शिक्षा साफ नाकारतात.

अन्न हे सरकारच्या हातचं हत्यार असेल, तर ते नाकारणं हे कैद्याच्या हातचं उरतं. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांनी ६३ दिवस अन्न नाकारलं आणि १३ सप्टेंबर १९२९ रोजी प्राण सोडला. भगतसिंग आणि त्यांच्या सोबत्यांच्या मागण्यांत चांगल्या जेवणाची मागणी होती. त्या लढ्यानंतर १९३० मध्ये सरकारनं कैद्यांची अ, ब आणि क अशी वर्गवारी केली. वरच्या वर्गाला बरं जेवण मिळू लागलं. पण गावचा साधा चोर आणि उपासमारीनं गुन्ह्याकडे वळलेला माणूस क वर्गातच राहिला. राजकीय कैद्यासाठी सवलत निघते, सर्वसाधारण कैद्याचं ताट तसंच राहतं, हे आपल्याकडे वारंवार घडलं आहे. मंडालेत टिळकांच्या मधुमेहासाठी वेगळा आहार आणि त्यांचा स्वयंपाक करायला एक कैदी होता. त्याच तुरुंगातल्या इतर मधुमेही कैद्यांसाठी कोणी काय शिजवलं, याची इतिहासानं दखल घेतलेली नाही.

एक निकाल, जो तुरुंगातून आला

१३ जानेवारी १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं फ्रान्सिस कोरॅली मुलीन प्रकरणात निकाल दिला. याचिकाकर्ती तिहारमध्ये स्थानबद्ध असलेली एक परदेशी महिला होती आणि मूळ वाद होता वकील आणि कुटुंबीयांना भेटण्याचा. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी त्या निमित्तानं घटनेच्या २१ व्या कलमाचा अर्थ उलगडला. जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वास चालू राहणं नव्हे. माणसाच्या प्रतिष्ठेनं जगणं त्यात येतं, आणि पुरेसं पोषण, वस्त्र, निवारा या किमान गरजाही त्यात येतात. पुढची चाळीस वर्षं रेशन, शाळेतलं जेवण आणि अन्नसुरक्षा यांबद्दल जे काही कायदेशीर मंथन झालं, त्यात या निकालाचा आधार पुन्हा पुन्हा घेतला गेला. पोषणाचा हक्क आपल्या न्यायालयात आला तो एका कैद्याच्या प्रकरणातून. तुरुंगाबाहेरच्या कोट्यवधींना त्याचा लाभ झाला. तुरुंगातल्यांना तो किती मिळाला?

कागदावर बराच. तुरुंग हा राज्यांच्या सूचीतला विषय असल्यानं प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. महाराष्ट्राची कारागृह नियमावली १९७९ ची आहे. सगळ्यांना दिशा देण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयानं २०१६ मध्ये ‘आदर्श कारागृह नियमावली’ काढली आणि २०२३ मध्ये नव्या आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. आदर्श नियमावलीनुसार सर्वसाधारण माणसाला दिवसाला २,००० ते २,४०० कॅलरी हव्यात आणि कष्टाचं काम करणाऱ्याला किमान २,८००. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला त्याहून अधिक. सकाळी न्याहारी, दुपारी जेवण आणि बराकबंदीपूर्वी संध्याकाळचं जेवण. एका स्वयंपाकघरावर पाचशेपेक्षा जास्त माणसांचा भार नको. खिडक्यांना जाळ्या हव्यात, माशा आत येता कामा नयेत. जातीवर किंवा धर्मावर आधारलेली चूल नको.

वाचताना वाटतं, अनेक वसतिगृहांपेक्षा हे बरं आहे. मग अडतं कुठे?

पाच वाजता वाढलेलं, आठ वाजता खाल्लेलं

पहिली अडचण गर्दीची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत होते ५,७३,२२० लोक. शंभर जागांमागे एकशे एकतीस. हा देशाचा सरासरी आकडा झाला. मुंबईचा आर्थर रोड किंवा पुण्याचं येरवडा यांच्यासारख्या मोठ्या शहरांच्या तुरुंगांत क्षमतेच्या कितीतरी पट माणसं कोंबलेली असतात. माणसं वाढली तर दाटीवाटीनं का होईना बराकीत मावतात. चुली, पातेली, नळ आणि ओटे मात्र वाढत नाहीत. पाचशेंसाठी बांधलेल्या भटारखान्यात दीड-दोन हजारांचा स्वयंपाक करायचा, तर तो लवकर सुरू करावा लागतो आणि मोठ्या भांड्यात करावा लागतो. अन्न बिघडायला नेमकी हीच परिस्थिती लागते.

हे जरा खोलात जाऊन पाहायला हवं, कारण तुरुंगातल्या अन्नसुरक्षेचं मर्म इथेच आहे. ‘क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजन्स’ नावाचा जिवाणू माती, धूळ, कच्चं मांस आणि मसाले यांत सर्रास असतो. त्याचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. शिजवताना बाकीचे जंतू मरतात आणि याला रान मोकळं मिळतं. वरणाचं किंवा रश्श्याचं मोठं पातेलं खाली उतरवल्यावर वरून गार वाटलं, तरी मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतं. साधारण ४३ ते ४५ अंश सेल्सियस तापमानाला हा जिवाणू दर दहा मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. तीन तासांत काय होईल, त्याचा हिशेब शाळकरी पोरही करील. भातातल्या ‘बॅसिलस सेरियस’ची कथाही अशीच. म्हणून शिजलेलं अन्न एक तर ६० अंशांच्या वर ठेवावं किंवा झटकन गार करून ५ अंशांच्या खाली न्यावं, आणि मधल्या टप्प्यात रेंगाळू देऊ नये, हा अन्नसुरक्षेचा जगभरचा पायाभूत नियम आहे.

आता तुरुंगाचं घड्याळ पाहा. दिवस मावळण्याच्या सुमारास मोजणी होते आणि बराकी बंद होतात. म्हणून संध्याकाळचं जेवण त्याआधी वाटून व्हायला हवं. म्हणून ते दुपारीच शिजायला हवं. पाचच्या सुमारास वाढून घेतलेलं वरण आणि पोळ्या कैदी डब्यात झाकून बराकीत नेतो. भूक लागते ती रात्री. मग आठ-नऊ वाजता तो ते गारढोण जेवण उघडतो. काही जण थोडं सकाळसाठीही राखून ठेवतात, कारण पुढची न्याहारी बारा-तेरा तासांनी असते. स्वयंपाक्याचे हात स्वच्छ असले, धान्य निवडलेलं असलं, पाणी शुद्ध असलं, तरी या घड्याळामुळे अन्न धोक्याच्या पट्ट्यात जातं. सुरक्षेसाठी ठरवलेली वेळच अन्नाच्या सुरक्षेच्या मुळावर येते. वाटप बराकबंदीच्या वेळेजवळ सरकवणं, वाटपापर्यंत अन्न गरम ठेवणारी भांडी वापरणं, मोठ्या पातेल्याऐवजी उथळ आणि लहान भांडी, ही खर्चिक कामं नाहीत. पण ती करायची तर पहारा, मोजणी आणि स्वयंपाक या तिघांनी एकत्र बसून वेळापत्रक मांडावं लागेल.

याचे परिणाम किती होतात, हे आपल्याकडे मोजणारी नियमित यंत्रणा नाही. अमेरिकेत मोजलं गेलं. तिथल्या रोग नियंत्रण केंद्रातल्या संशोधकांनी १९९८ ते २०१४ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा तुरुंगांत अन्नबाधेचे २०० उद्रेक आणि २०,६२५ रुग्ण आढळले. बाहेरच्या माणसाच्या तुलनेत कैद्याला उद्रेकातून अन्नबाधा होण्याचं प्रमाण ६.४ पट निघालं. ज्या उद्रेकांचं कारण निश्चित झालं, त्यांत सगळ्यांत जास्त वेळा सापडलेला गुन्हेगार हाच पर्फ्रिंजन्स होता. श्रीमंत देशातल्या तुरुंगांत ही स्थिती असेल, तर कोंदट भटारखान्यांच्या आपल्या देशात नोंद नसणं याचा अर्थ आजार नसणं असा लावता येत नाही. तुरुंग सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीनंही तुरुंगातली स्वयंपाकघरं जुनाट, कोंदट आणि अस्वच्छ असल्याकडे बोट दाखवलं.

पोट भरतं, अंगी लागत नाही

दुसरी अडचण पोषणाची. कॅलरीचा आकडा गाठणं फार अवघड नाही. सहाशे ग्रॅम गहू-तांदूळ दिले, की जवळपास दोन हजार कॅलरी होतात. हिशेबाच्या वहीत आहार ‘पुरेसा’ ठरतो. पण राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की दिवसाच्या ऊर्जेतला तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. दोन हजार कॅलरीच्या ताटात रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं असावीत. तुरुंगाच्या ताटात धान्य ढिगानं असतं. डाळ पातळ असते, भाजी बटाटा, दुधी, कोबी यांच्याभोवती फिरते आणि फळ सणासुदीला किंवा डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. माणसाचं पोट भरतं, वजनही वाढतं आणि अंगात लोह, ब-१२, प्रथिनं मात्र कमीच राहतात.

तुरुंगात येणारा माणूस मुळात धडधाकट असतो असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यातली एखादी गरीब घरातली स्त्री कोठडीत येते तेव्हा रक्तक्षय सोबत घेऊनच येते. तिथे तिला लोहाच्या गोळ्या आणि हिरव्या भाज्या मिळाल्या, तर तुरुंग हा तिच्या आयुष्यातला पहिला नियमित उपचार ठरू शकतो. नाही मिळाल्या, तर ती आणखी खंगून बाहेर पडते.

पोषणाच्या या प्रश्नाचं सर्वांत गंभीर टोक म्हणजे क्षयरोग. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासात भारतीय तुरुंगांतलं क्षयाचं प्रमाण बाहेरच्या समाजाच्या पाच पटींच्या आसपास दिसलं. दाटी आणि कोंदट हवा ही कारणं सगळे सांगतात. तिसरं कारण अन्न आहे, आणि त्याचा भक्कम पुरावा आपल्याच देशात तयार झाला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ‘रेशन्स’ अभ्यासात अशा घरांमधलं क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. संसर्गजन्य फुफ्फुसांच्या क्षयाचं तर ४८ टक्क्यांनी. क्षयरुग्णाच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाचं ताट सुधारलं, तर त्याला क्षय होण्याची शक्यता कमी होते, हे यातून दिसलं. बराकीत शेजारी कोण झोपणार हे कैदी ठरवत नाही. निदान त्याच्या ताटात काय पडेल, ते सरकार ठरवू शकतं.

अन्नाचा संबंध वागण्याशीही असू शकतो. इंग्लंडमधल्या एल्सबरी इथल्या तरुण कैद्यांच्या तुरुंगात बर्नार्ड गेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३१ स्वयंसेवकांचे दोन गट केले. एकाला जीवनसत्त्वं, खनिजं आणि आवश्यक मेदाम्लांच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पहिल्या गटातल्या शिस्तभंगाच्या घटना दुसऱ्या गटाच्या तुलनेत २६.३ टक्क्यांनी कमी आढळल्या. नेदरलँड्समध्ये २०१० साली झालेल्या अशाच प्रयोगातही नोंदलेल्या घटना घटल्या. या अभ्यासांवरून गोळ्यांनी गुन्हेगारी संपते असं कोणी म्हणणार नाही. पण बराकीतल्या मारामाऱ्यांना आळा घालायचा, तर लाठीइतकाच डाळीचाही विचार करावा, असं म्हणायला जागा नक्कीच आहे.

मग उरतात ती माणसं, ज्यांना सरासरी ताट चालत नाही. मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण, दात नसलेले म्हातारे. तळोजा कारागृहात असलेल्या फादर स्टॅन स्वामी यांना कंपवातामुळे पेला धरता येत नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांना सिपर आणि स्ट्रॉ मिळावी म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला आणि हा प्रश्न देशभर गाजला. नाव नसलेल्या कैद्याच्या थरथरत्या हाताचा अर्ज कोण लिहितो? आहारतज्ज्ञ हे पदच बहुतेक तुरुंगांत नसतं. पथ्याचं जेवण डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि डॉक्टर हजर असण्यावर अवलंबून असतं.

आईबरोबर आत राहणाऱ्या मुलांचा प्रश्न तर आणखी वेगळा. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईसोबत तुरुंगात राहू शकतात. आर. डी. उपाध्याय प्रकरणात १३ एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की ही मुलं कैदी नाहीत. त्यांना वयानुसार वेगळा आहार, स्वच्छ पाणी, लसीकरण आणि पाळणाघर मिळालंच पाहिजे. २०२२ च्या आकडेवारीत अशी सतराशेहून अधिक मुलं देशातल्या तुरुंगांत होती. वाढीच्या या वर्षांत खुरटलेलं शरीर पुढे भरून काढता येत नाही, हे कुपोषणावर काम करणारा कोणीही सांगेल.

मनिऑर्डरीवर चालणारी दुसरी चूल

ताटातली ही उणीव भरून काढायची तुरुंगातली अधिकृत वाट म्हणजे कॅन्टीन. घरचे मनिऑर्डर पाठवतात, ती रक्कम कैद्याच्या खात्यात जमा होते आणि ठरलेल्या मर्यादेत तो बिस्किटं, फरसाण, दूध, फळं, लोणचं घेऊ शकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या मुलाला आर्थर रोडमध्ये घरून ४,५०० रुपयांची मनिऑर्डर आली आणि तेव्हाची मर्यादा अवघ्या देशाला तोंडपाठ झाली. नंतर महाराष्ट्रानं ही मर्यादा वाढवली. कॅन्टीनच्या यादीत भर पडत पडत पाणीपुरी आणि आइस्क्रीमही आलं. त्यावर समाजमाध्यमांवर थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही. हे पदार्थ सरकार फुकट देत नाही, कैदी विकत घेतो.

खरी गोची वेगळीच आहे. कॅन्टीन चांगलं झालं, की भटारखाना सुधारायची निकड कमी होते. ज्यांची घरं पैसे पाठवू शकतात ते डाळीवर लोणचं आणि भातावर दही घालून निभावतात. तक्रार करण्याची ताकदही त्यांच्याकडेच असते, कारण त्यांना वकील असतो आणि मुलाकतीला येणारं माणूस असतं. कच्च्या कैद्याला तर १८९४ च्या कायद्याचं ३१ वं कलम बाहेरून अन्न मिळवण्याची मुभाही देतं, आणि नावाजलेल्या आरोपींसाठी ‘घरच्या जेवणा’चे आदेश न्यायालयांतून निघाल्याच्या बातम्या आपण वाचतो. या सगळ्या वाटा वगळल्यावर जो उरतो, तो परराज्यातला मजूर, ज्याच्या घरी अटकेची खबरही उशिरा पोचली. त्याच्यासाठी भटारखान्याचं ताट हेच पहिलं आणि शेवटचं. सार्वजनिक अन्नाचा दर्जा त्याच्या ताटावरूनच ठरवायला हवा.

जिथे जमलं तिथे काय केलं

सुधारणा अशक्य नाही, हे दाखवणारी उदाहरणं आहेत. उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबादच्या जिल्हा कारागृहाला २०२२ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं ‘ईट राइट कॅम्पस’ योजनेत पंचतारांकित मानांकन दिलं. बातम्यांत ‘फाइव्ह स्टार जेल’ म्हणून मौज केली गेली. पण मानांकन पंचपक्वान्नांचं नव्हतं. धान्याची साठवण, स्वयंपाक्यांचे ॲप्रन, पोळ्यांचं यंत्र, स्वच्छता आणि नोंदी यांचं होतं. केरळातल्या तुरुंगांनी ‘फ्रीडम’ या नावानं पोळ्या आणि रस्साभाज्या बाहेर विकायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं दोन रुपयांना एक पोळी या दरानं लोकांनी त्या रांगा लावून घेतल्या. कैद्यांच्या हातचं खायला समाज तयार झाला, कारण ते स्वच्छ आहे असा विश्वास बसला. बाहेरच्या गिऱ्हाईकासाठी जी शिस्त पाळता येते, ती आतल्या ताटासाठी का पाळता येऊ नये?

महाराष्ट्रात तर याहून मूलगामी प्रयोग फार आधी झाला. औंध संस्थाननं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी केली. तिथे कैदी कुटुंबासह राहतो, शेती करतो आणि घरच्या चुलीवरचं जेवतो. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागची प्रेरणा हीच वसाहत. सगळ्यांना असं ठेवता येणार नाही, हे मान्य. पण राज्यातल्या अनेक कारागृहांकडे आजही शेती आहे, भाज्या पिकतात. त्या शेतातली मेथी आणि शेवगा शेजारच्या भटारखान्यात रोज पोचतो का, हे कोणीतरी रोज लिहून ठेवायला हवं.

नापास करणारा माणूस

आता मूळ प्रश्नाकडे. तुरुंगात जेवण शिजवतो तो कैदी, त्यावर देखरेख ठेवतो तो तुरुंगाधिकारी, चव घेऊन शेरा लिहितो तो अधीक्षक, तपासतो तो तुरुंगाचा वैद्यकीय अधिकारी आणि तक्रार पोचते ती पुन्हा अधीक्षकाकडेच. स्वयंपाक, परीक्षा आणि अपील सगळं एकाच दप्तरात. न्यायाधीश आणि अशासकीय अभ्यागतांचं मंडळ तुरुंगाला भेट देतं खरं. पण त्या दिवशी वरण घट्ट असतं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. शिवाय त्यांच्याकडे तापमापक नसतो, नमुना घ्यायचा अधिकार नसतो, प्रयोगशाळा नसते.

हे सारं ज्यांच्याकडे आहे, असं खातं आपल्याकडे आधीच आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात ‘अन्न व्यवसाय’ या संज्ञेची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवलेली आहे. नफ्यासाठी असो वा नसो, सार्वजनिक असो वा खासगी, अन्न बनवणं आणि वाढणं त्यात येतं. या व्याख्येतून तुरुंगाचा भटारखाना वगळायला काही आधार दिसत नाही. या कायद्याखालच्या नियमांची अनुसूची ४ स्वयंपाक्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, पाण्याची चाचणी, कीडनियंत्रण आणि साठवण यांचे निकष घालून देते. ३२ व्या कलमाखाली अधिकाऱ्याला सुधारणेची नोटीस बजावता येते. ३५ व्या कलमानुसार अन्नबाधेच्या घटना कळवण्याचं बंधन डॉक्टरांवर घालता येतं. महाराष्ट्रात ही सत्ता अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. गल्लीतल्या वडापावच्या गाडीवर जाणारा अन्न सुरक्षा अधिकारी येरवड्याच्या आणि नाशिक रोडच्या दारात पूर्वसूचनेशिवाय जाऊ लागला, तर निम्मी लढाई जिंकली.

उरलेली निम्मी आतली आहे. गोदामातून रोज किती शिधा निघाला आणि किती माणसांत वाटला, हे प्रत्येक बराकीबाहेर फळ्यावर लिहावं. बंदिवानांच्या पंचायतीतल्या दोघांनी वजनकाट्यापाशी उभं राहावं, आणि ते दर महिन्याला वेगळ्या बराकीतले असावेत, म्हणजे कोणाची मक्तेदारी होणार नाही. स्वयंपाक करणाऱ्या कैद्याला अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र मिळावं. सुटल्यावर त्याला हॉटेलात नोकरी शोधताना ते उपयोगी पडेल. वाटपाच्या वेळी पातेल्यातलं तापमान वहीत लिहावं. आणि एकाच बराकीत एका दिवसात पाच जणांना जुलाब झाले, तर तुरुंगाच्या डॉक्टरनं ते चोवीस तासांत अन्न व औषध प्रशासनाला कळवावं.

यासाठी मोठी तरतूद लागत नाही. कैद्यांवर होणाऱ्या खर्चातला सुमारे निम्मा आजही अन्नावरच होतो. पैसा जातोच आहे, तो ताटापर्यंत पोचावा एवढंच म्हणणं आहे. ‘गुन्हेगारांचे लाड कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी एक आकडा पुरेसा आहे. २०२२ मध्ये तुरुंगातल्या शंभरांपैकी जवळपास शहात्तर जणांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. उरलेल्यांना न्यायालयानं कैदेची शिक्षा दिली, क्षयाची किंवा जुलाबाची नाही. आणि जवळपास सगळेच एक दिवस घरी परततात, आतून आणलेला आजार घरात आणि गावाच्या दवाखान्यात घेऊन.

सरकारनं माणसाला ताब्यात घेतलं, की त्याच्या पोटाचाही ताबा घेतला. बाहेरचा माणूस हॉटेल बदलू शकतो, उपाशी राहू शकतो, घरी जाऊन पिठलं टाकू शकतो. आतल्या माणसाला ही मुभा नाही, म्हणून त्याच्या ताटाची तपासणी बाहेरच्या हॉटेलापेक्षा कडक हवी. आज ती त्याहून सैल आहे. ज्या दिवशी राज्यातल्या एखाद्या मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकाला अन्न व औषध प्रशासनाची पहिली सुधारणा नोटीस मिळेल आणि तिची मुदतीत पूर्तता झाल्याचं जाहीर होईल, त्या दिवशी हे काम खऱ्या अर्थानं सुरू झालं असं म्हणता येईल.